प्रश्न तुमचे: क्युबा सोडून गेलेला सहा नंबर

क्युबाचा निवृत्त आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू ओस्वाल्दो अलोन्सो याच्या कारकिर्दीबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: अलोन्सो २००७ मध्ये संघ सोडून पळाला, असे वाचले. पळूनच का जावे लागले? दुसऱ्या देशांतले खेळाडू जातात तसा रीतसर करार करून का जाता आले नाही?

उत्तर: कारण करार करायला समोर कोणी नव्हतेच. क्युबात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक खेळ बंद झाला आणि सगळा क्रीडाव्यवहार ‘इंदेर’ या सरकारी संस्थेच्या हाती गेला. चुणूक दाखवणारी मुले प्रांताच्या क्रीडाशाळेत जातात आणि तिथून प्रांताच्या संघात येतात. राष्ट्रीय स्पर्धाही क्लबांची नसते, प्रांतांची असते: पिनार देल रिओ, विया क्लारा, सिएनफुएगोस, सिएगो दे आविला वगैरे. खेळाडू विकणारा क्लब नाही आणि विकायला करारही नाही. परदेशातला एखादा क्लब पैसे मोजायला तयार झाला, तरी ते कोणाच्या हातावर ठेवायचे हा प्रश्न होता.

अलोन्सोचा जन्म ११ नोव्हेंबर १९८५ चा, गाव सान क्रिस्तोबाल. ते तेव्हा पिनार देल रिओ प्रांतात होते, २०११ च्या फेररचनेनंतर आर्तेमिसा प्रांतात आले. तो पिनार देल रिओकडून खेळला आणि तिथून राष्ट्रीय संघात पोहोचला. जून २००७ मध्ये अमेरिकेत गोल्ड कप होता. ही उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांची खंडीय स्पर्धा. क्युबाच्या गटात मेक्सिको, पनामा आणि होंडुरास होते. मेक्सिकोकडून १-२ अशी हार आणि पनामाशी २-२ अशी बरोबरी झाल्यावर संघ तिसऱ्या सामन्यासाठी ह्यूस्टनला आला. तिथे खेळाडूंना खरेदीसाठी वॉलमार्टमध्ये नेले होते. अलोन्सो त्या दुकानातून एकटाच बाहेर पडला आणि पुढे बसने मायामीला गेला. याच स्पर्धेत आघाडीचा खेळाडू लेस्टर मोरेही संघातून निघून गेला होता. उरलेल्या संघाला होंडुरासने ५-० ने धुतले.

गोल्ड कपमध्येच हे पुन्हा पुन्हा का घडते, असेही काहींनी विचारले आहे. उत्तर साधे आहे: स्पर्धा बहुतेक वेळा अमेरिकेत असते. २००२ मध्ये रे आंखेल मार्तिनेस आणि अल्बेर्तो देल्गादो, २००५ मध्ये मायकेल गालिंदो, २००७ मध्ये मोरे आणि अलोन्सो. एरवी क्युबन खेळाडूचा पाय अमेरिकेच्या जमिनीला लागणे अवघड होते, आणि तेव्हाच्या अमेरिकी धोरणात सगळे महत्त्व त्या जमिनीलाच होते.

प्रश्न: अमेरिकेत पोहोचल्यावर खेळायला सुरुवात कधी करता येते? व्हिसा, नोंदणी वगैरे कसे होते?

उत्तर: तीन वेगवेगळे कागद आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला कागद राहण्याचा. क्युबन नागरिकांसाठी अमेरिकेत १९६६ चा खास कायदा आहे. देशात रीतसर दाखल करून घेतलेल्या किंवा तात्पुरता प्रवेश दिलेल्या क्युबन माणसाला एक वर्ष झाल्यावर कायम वास्तव्यासाठी, म्हणजे ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. १९९५ पासून त्याला ‘ओले पाऊल, कोरडे पाऊल’ या धोरणाची जोड होती: समुद्रात सापडलेला परत पाठवायचा, जमिनीवर पोहोचलेला ठेवून घ्यायचा. हे धोरण जानेवारी २०१७ मध्ये रद्द झाले. कायदा मात्र अजून आहे. त्यामुळे अलोन्सोचा मार्ग आजच्या खेळाडूला तसाच्या तसा वापरता येणार नाही.

या कायद्यात एक कलम फार उपयोगाचे आहे. ग्रीन कार्डावरची तारीख मागे नेता येते, अर्जाच्या आधी जास्तीत जास्त ३० महिने किंवा शेवटच्या आगमनाच्या दिवसापर्यंत, यातली जी नंतरची असेल ती. नागरिकत्वाची पाच वर्षे या मागच्या तारखेपासून मोजतात. अलोन्सो २००७ मध्ये आला आणि २०१२ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला. हिशेब बरोबर जुळतो.

दुसरा कागद फुटबॉलचा: आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र. खेळाडू एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा जुन्या महासंघाने ते द्यायचे असते. पळून आलेल्याला जुना महासंघ आनंदाने कागद पाठवील, अशी अपेक्षा कोणी करत नाही. पण फिफाच्या नियमात त्याची सोय आहे. मागणी केल्यावर ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर नवा महासंघ तात्पुरती नोंदणी करू शकतो. अलोन्सोच्या काळात ही मुदत ३० दिवस होती. वर्षभरानंतर ती नोंदणी कायम होते. म्हणजे जुन्या महासंघाने मौन धरले, तर खेळाडू अडकत नाही, फक्त थांबतो. खरा घोळ होतो तो जुन्या महासंघाने वेळेत लेखी हरकत घेतली तर.

तिसरा कागद मेजर लीग सॉकर या अमेरिका-कॅनडातल्या सर्वोच्च लीगचा. या लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजून ठेवलेल्या असतात. मूळ वाटा संघामागे आठ जागांचा, आणि त्या जागांची संघासंघांत देवाणघेवाणही चालते. मात्र ग्रीन कार्ड असलेला, किंवा निर्वासित वा राजाश्रय असा दर्जा मिळालेला खेळाडू देशी धरला जातो. क्युबन खेळाडू अमेरिकी क्लबांना परवडत असे, त्याचे एक मोठे कारण हे होते. त्याच्या गुणवत्तेच्या दक्षिण अमेरिकी खेळाडूला परदेशी जागा खर्ची पडते, याला काही काळाने पडत नाही.

या सगळ्यात अलोन्सोचे २००७ चे उरलेले महिने गेले. २००८ मध्ये तो दुसऱ्या स्तरावरच्या चार्ल्सटन बॅटरीकडून खेळला, आणि २००९ मध्ये सिॲटल साउंडर्स लीगमध्ये नव्याने दाखल झाला तेव्हा त्याला तिथे जागा मिळाली. संघाचा मेजर लीगमधला पहिला सामना १९ मार्च २००९ ला न्यूयॉर्क रेड बुल्सविरुद्ध झाला आणि तो त्यांनी ३-० ने जिंकला.

प्रश्न: २०१२ मध्ये नागरिकत्व मिळाले, फॉर्मही होता. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात त्याला का घेतले नाही? अन्याय नव्हे का?

उत्तर: संघ निवडणाऱ्यांचा यात हात नाही, फिफाचा नियम आडवा आला. एखाद्या देशाच्या वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेत खेळलेला माणूस त्या देशाला बांधला जातो. २००९ मध्ये संघ बदलण्यासाठीची २१ वर्षांची वयोमर्यादा काढली गेली, पण ती सूट वरिष्ठ संघाकडून अधिकृत सामना न खेळलेल्यांनाच होती. मैत्रीपूर्ण सामने चालत. अलोन्सो क्युबाकडून अधिकृत सामने खेळून बसला होता.

२०२० मध्ये नियम आणखी सैल झाला तेव्हा त्याचे नाव पुन्हा चर्चेत आले, म्हणून अटी नीट पाहू. खेळाडू जुन्या देशाकडून शेवटचा खेळला तेव्हा २१ वर्षांचा झालेला नसावा. वरिष्ठ संघाचे तीनपेक्षा जास्त सामने नसावेत. शेवटच्या सामन्याला तीन वर्षे उलटलेली असावीत. विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात तो खेळलेला नसावा. आणि सगळ्यात कठीण अट: जुन्या देशाकडून पहिला सामना खेळला तेव्हाच त्याच्याकडे नव्या देशाचे नागरिकत्व असायला हवे. सान क्रिस्तोबालच्या मुलाकडे अमेरिकेचे नागरिकत्व कुठून असणार? बाकीच्या अटी तपासण्याची गरजच उरत नाही. शिवाय जून २००७ मध्ये त्याला एकविसावे वर्ष पूर्ण होऊन सात महिने झाले होते.

हा नियम दोन देशांशी जन्मापासून नाते असलेल्यांसाठी आहे. देश सोडावा लागलेल्यांचा विचार तो करत नाही. अन्याय म्हणायचाच तर तो इथे आहे. पळून गेलेल्यांना क्युबा बोलवत नव्हता आणि अमेरिकेला त्याला घेता येत नव्हते. त्यामुळे वयाच्या एकविसाव्या वर्षीच त्याचे आंतरराष्ट्रीय फुटबॉल संपले.

प्रश्न: त्याचे गोल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग सिॲटलमध्ये त्याला इतके का मानतात?

उत्तर: गोल करणे हे त्याचे कामच नव्हते. तो सहा नंबरच्या जागी खेळायचा आणि योगायोगाने शर्टावरचा आकडाही ६ होता. बचावफळीच्या पुढे, मधल्या फळीच्या मागे, अशी ही जागा. या खेळाडूचे चांगले काम टीव्हीवर दिसतच नाही, कारण ते काम म्हणजे न झालेला हल्ला.

असा खेळाडू पाहायचा तर सामन्यातली दहा मिनिटे चेंडू सोडा आणि फक्त त्याच्याकडे पाहा. आपला संघ हल्ला करत असताना तो कुठे उभा आहे, हे आधी बघा. मधल्या दोन बचावपटूंच्या दहा-पंधरा मीटर पुढे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्यात पुढे थांबलेल्या खेळाडूकडे जाणाऱ्या पासच्या वाटेवर, अशी त्याची जागा हवी. एका बाजूचा बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, वर धावला की हा तिकडे दोन पावले सरकायला हवा. चेंडू हरवला की पुढच्या तीन-चार सेकंदांत काय होते, यावर त्याची परीक्षा असते. तो चेंडूवाल्यावर झेप घेत नाही, आधी पुढचा पास बंद करतो. प्रतिस्पर्ध्याला मान खाली घालून पहिला स्पर्श लांब घेताना पाहिले की मगच पाय घालतो.

नवे खेळाडू इथे चुकतात ते ठरलेल्या तीन जागी. एक, टॅकलची हौस: झेप फसली की बचावफळी उघडी पडते. दोन, प्रतिस्पर्ध्याचा दहा नंबर, म्हणजे हल्ले रचणारा खेळाडू, जाईल तिकडे त्याच्या मागे फिरणे, त्याने मधली जागा मोकळी होते आणि दुसराच कोणी तिथून घुसतो. तीन, आपल्या गोलकडे तोंड करून सपाट अंगाने पास घेणे. अंग अर्धे वळलेले असले, पास येण्याआधी खांद्यावरून मागे एक नजर टाकलेली असली, तर पहिल्याच स्पर्शात पुढे वळता येते. नाहीतर चेंडू परत गोलरक्षकाकडे जातो.

अलोन्सोकडे हिसकावण्याची ताकद होतीच. मधासाठी कोणालाही भिडणाऱ्या हनी बॅजर या प्राण्याचे नाव प्रेक्षकांनी त्याला दिले ते त्यावरूनच. पण आमच्या मते त्याचा मोठा गुण पुढचा होता: हिसकावल्यानंतरचा पहिला पास. चेंडू जिंकून तो लगेच घालवणारे सहा नंबर पैशाला पासरी मिळतात. हा चेंडू जिंकून तो आपल्या सर्जनशील खेळाडूच्या पायात द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागी जायचा. २०१२ च्या लीगच्या सर्वोत्तम अकरांत थिएरी ऑन्री आणि रॉबी कीनच्या शेजारी त्याचे नाव लागले, ते गोलांच्या जोरावर नव्हे.

या जागेची किंमतही असते. पिवळी कार्डे. प्रतिहल्ला अर्ध्या मैदानात थांबवायला जाणूनबुजून केलेला फाउल सहा नंबरच्याच वाट्याला येतो. ते कार्ड पंधराव्या मिनिटाला मिळाले, तर उरलेली पंच्याहत्तर मिनिटे त्याला हात बांधून खेळावे लागते. पहिल्या वीस मिनिटांत असा फाउल टाळणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि तरुण अलोन्सोला ती शिकावी लागली.

प्रश्न: यू.एस. ओपन कप त्याने तीनदा जिंकला की चारदा? आमच्यात वाद आहे.

उत्तर: ही अमेरिकेतल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा. सिॲटलकडून त्याने ती चारदा जिंकली: २००९, २०१०, २०११ आणि २०१४. तीन म्हणणारे सलगचे तीन मोजत असावेत. अंतिम सामने असे: २००९ मध्ये डी.सी. युनायटेडवर २-१, २०१० मध्ये कोलंबसवर २-१, २०११ मध्ये शिकागोवर २-० आणि २०१४ मध्ये फिलाडेल्फियावर जादा वेळेत ३-१. गोल न करणारा म्हणून ज्याची ओळख, त्याने २०११ च्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी बचावपटूंना चकवत एकट्याने जाऊन दुसरा गोल केला, हेही नोंदवून ठेवा.

यातला २००९ चा सामना आम्हाला सगळ्यात गमतीचा वाटतो. २००८ मध्ये चार्ल्सटनने याच स्पर्धेची अंतिम फेरी गाठली होती आणि वॉशिंग्टनच्या आरएफके मैदानावर डी.सी. युनायटेडकडूनच १-२ ने हरली होती. वर्षभरात तीच स्पर्धा, तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी आणि तेच आकडे. फक्त अलोन्सोचा शर्ट बदललेला आणि निकाल उलटा.

२०१४ मध्ये साखळीत सर्वाधिक गुणांसाठीची सपोर्टर्स शील्डही मिळाली. लीगचे विजेतेपद आले ते १० डिसेंबर २०१६ ला टोरोंटोत. १२० मिनिटांत सिॲटलचा एकही फटका गोलच्या रोखाने गेला नाही, तरी गोलरक्षक स्टेफान फ्रायच्या जोरावर सामना ०-० राहिला आणि पेनल्टींवर ५-४ ने जिंकला. निर्णायक पेनल्टी रोमान तोरेसची. अलोन्सो त्या दिवशी दुखावलेल्या गुडघ्याने खेळला.

प्रश्न: शेवटी त्याचा गुडघाच गेला ना? छत्तिसाव्या वर्षी एसीएल तुटल्यावर खेळाडू परत येऊ शकतो का?

उत्तर: सिॲटल सोडल्यावर तो २०१९ ते २०२१ मिनेसोटा युनायटेडकडे होता. २०२० च्या पश्चिम विभागाच्या अंतिम सामन्यात त्यांनी सिॲटलविरुद्ध २-० ची आघाडी घालवून २-३ अशी हार खाल्ली. २०२२ मध्ये तो अटलांटा युनायटेडकडे गेला. तिथला तेव्हाचा प्रशिक्षक गोन्सालो पिनेदा हा २०१४ च्या त्या सिॲटल संघात त्याच्याच शेजारी मधल्या फळीत खेळलेला. हंगामाच्या सुरुवातीलाच अलोन्सोचा एसीएल तुटला.

एसीएल हा गुडघ्याच्या आतला पुढचा बंध. नडगीचे हाड पुढे सरकणे आणि गुडघ्याचे पिळवटणे तो रोखतो. बहुतेक वेळा तो धडकेने तुटत नाही. पाय रोवून अंग वळवताना, किंवा वेगात थांबताना तुटतो. सहा नंबरचे निम्मे काम तेच. पूर्ण तुटलेला बंध सहसा शिवून पुरत नाही, म्हणून वाटीखालच्या किंवा मांडीमागच्या स्नायूबंधाचा तुकडा काढून नवा बंध बसवतात. फसगत इथे होते: हा तुकडा बसवल्यावर काही आठवड्यांनी आधी कमकुवत होतो, मग रक्तपुरवठा येऊन हळूहळू बळकट होतो. दुखणे मात्र त्याआधीच थांबलेले असते. खेळाडूला वाटते आपण बरे झालो, आणि नेमका त्याच काळात तो पुन्हा तुटू शकतो.

म्हणून मैदानावर परतायला किमान नऊ महिने धरतात, आणि केवळ महिने मोजून सोडत नाहीत. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांचे अंतरही तितकेच जुळावे लागते. छत्तिसाव्या वर्षी बंध जुळतो, प्रश्न असतो तो मांडीच्या घटलेल्या स्नायूचा आणि वर्षभर न खेळलेल्या सवयीचा. परत येणे अशक्य नाही. आधीच्या वेगाने बाजू बदलून धावणे हे मात्र फार थोड्यांना जमते.

प्रश्न: खेळाडू असे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या संघाचे काय होते?

उत्तर: मार्च २००८ मध्ये टॅम्पा इथे ऑलिंपिक पात्रता फेरीत क्युबाच्या २३ वर्षांखालील संघाने अमेरिकेला १-१ असे रोखले. त्यानंतर सात खेळाडू हॉटेलातून गायब झाले. एक जण निलंबित होता. होंडुरासविरुद्ध क्युबाला दहाच खेळाडू उतरवता आले आणि ते ०-२ ने हरले. ऑक्टोबर २०१२ मध्ये विश्वचषक पात्रतेसाठी संघ टोरोंटोला गेला, तिथेही चार जण निघून गेले. बाकावर बदली खेळाडूच नव्हता आणि कॅनडा ३-० ने जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्युबाने त्रिनिदाद आणि टोबॅगोला जादा वेळेत १-० ने हरवून कॅरिबियन चषक पहिल्यांदा जिंकला. त्या देशात खेळाडू घडवण्याची यंत्रणा किती टिकाऊ आहे, ते यावरून कळावे.

प्रश्न: आजचा क्युबन खेळाडू रीतसर बाहेर जाऊ शकतो का?

उत्तर: हो, मर्यादेत. २०१३ मध्ये सरकारने खेळाडूंना परदेशी क्लबांशी करार करण्याची मुभा दिली, मात्र व्यवहार सरकारी संस्थेमार्फतच व्हायचा. २०१६ मध्ये मायकेल रेयेस आणि आबेल मार्तिनेस हे दोघे या मार्गाने मेक्सिकोच्या क्रूस आसुलकडे गेले.

त्याहून मोठा बदल मार्च २०२१ चा. बाहेर राहणाऱ्या क्युबनांना राष्ट्रीय संघाने प्रथमच बोलावले. त्यात नॉरिच या इंग्लिश क्लबचा ओनेल एर्नांदेस होता. मोरोनमध्ये जन्मलेला आणि लहानपणीच जर्मनीला गेलेला हा प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा पहिला क्युबन, ऑक्टोबर २०१९ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध. ग्वाटेमालाविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात तो क्युबाकडून पहिल्यांदा उतरला, संघ ०-१ ने हरला. पण यादी नीट पाहा: त्यात रीतसर देश सोडलेले आहेत. दौऱ्यावरून निघून गेलेल्यांसाठी ते दार तेव्हा उघडले नव्हते. अलोन्सो त्या महिन्यात ३५ वर्षांचा होता आणि मिनेसोटाकडून खेळत होता.

प्रश्न: क्युबा कधी विश्वचषक खेळला आहे का?

उत्तर: एकदाच, १९३८ मध्ये फ्रान्सला. तुलूझमध्ये रोमानियाशी ३-३ बरोबरी, चार दिवसांनी फेरसामन्यात २-१ ने विजय, आणि मग स्वीडनकडून ०-८.

प्रश्न: नाव ओस्वाल्डो की ओस्वाल्दो? समालोचक तर ‘ओझी’ म्हणतात.

उत्तर: स्पॅनिशमधला द दंत्य आहे, म्हणून ओस्वाल्दो. ‘ओझी’ हे अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी दिलेले घरगुती नाव, तेही चालेल.